आधी आकडा कोणी बोलायचा?

गणपती बसण्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. आमच्या नेरूळच्या घरात रात्रीची जेवणे आटोपली होती. पत्नी मखराच्या सामानाचा हिशेब करीत होती आणि मी एका जुन्या नाटकाची पाने उलटीत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या कन्येची ऐरोलीच्या एका कंपनीत चौथी आणि अखेरची मुलाखत होती. आधीच्या तिन्ही उत्तम झाल्या होत्या. ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, उद्या ते विचारतील, पगाराची अपेक्षा काय? किती सांगू?"

मी मराठीचा प्राध्यापक. उभा जन्म शिकविण्यात घालवून निवृत्त झालो, पण हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नाही. माझी वेतनश्रेणी सरकारने ठरविली, महागाईभत्ता सरकारने ठरविला, वार्षिक वाढ कोणत्या महिन्यात लागायची तेही सरकारनेच ठरविले. तरी उत्तर मात्र माझ्या तोंडून इतके सहज निघाले, की जणू ते मी लहानपणापासून घोकून ठेवले होते. मी म्हणालो, "अगं, आकडा आपण होऊन काढू नये. 'आपल्या नियमाप्रमाणे जे असेल ते' म्हणावे. अंगी गुण असला म्हणजे मोल होतेच."

मुलगी गुणी. तिने दुसऱ्या दिवशी तसेच सांगितले. समोरच्या गृहस्थांनी मान डोलावली, मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागून घेतल्या आणि "कळवतो" म्हणाले. तेथून आमच्या घरात वाट पाहणे सुरू झाले. ते किती चालले आणि कसे संपले हे पुढे सांगेन. कारण या लेखाचा खरा विषय तिची नोकरी हा नाही. माझे उत्तर हा आहे. ज्याला हा प्रश्न जन्मात पडला नाही, त्याच्यापाशी उत्तर तयार कसे होते? अनुभवातून ते आलेले नाही, हे उघड आहे. मग राहता राहिली माझी पुस्तके. म्हणून त्या वाट पाहण्याच्या दिवसांत मी माझी कपाटे उघडून एकच गोष्ट शोधीत बसलो: आपल्या मराठी साहित्यात माणूस आपल्या श्रमाची किंमत आपल्या तोंडाने सांगतो काय?

वाचकांना वाटेल, यात शोधायचे काय? आधुनिक मराठी साहित्य हे मुख्यत्वे नोकरदारांनी नोकरदारांविषयी नोकरदारांसाठी लिहिलेले साहित्य आहे. पगाराचा विषय त्यात पानोपानी असणारच. आणि तो आहेही. चिं. वि. जोशांचे चिमणराव घ्या. त्यांची कचेरी, त्यांचे साहेब, महिनाअखेरची ओढाताण आणि त्यातून उभे राहणारे नाना घोटाळे यांवर आपल्या तीन पिढ्या हसल्या. पु. ल. देशपांड्यांचा 'असा मी असामी' १९६४ साली पुस्तकरूपाने आला. त्यातला धोंडो भिकाजी हा तर मुंबईच्या कारकुनाचा कुलपुरुषच म्हणावा लागेल. घर, बायको, मुले, बदलते दिवस या साऱ्यांबद्दल तो मनमोकळे बोलतो. पण या दोन्ही थोर विनोदकारांच्या जगात पगार हा पावसासारखा आहे. तो पडतो, पुष्कळदा कमी पडतो, वेळेवर पडला तर घरात आनंद होतो. परंतु पावसाशी कोणी वाटाघाट करीत नाही. साहेबाच्या टेबलासमोर उभे राहून "माझ्या कामाचे इतके झाले पाहिजेत" असे म्हणणारा नायक मला तेथे भेटला नाही. कोणी म्हणालेच, तर ते हशा पिकविण्यासाठी, आणि हशा त्याच्यावरच व्हायचा.

याचे एक कारण अगदी साधे आहे. ज्यांनी हे साहित्य लिहिले त्यांपैकी बहुतेकांचे पगार ठराविक श्रेणीत बांधलेले होते. शाळामास्तर, प्राध्यापक, सरकारी कारकून, रेल्वे, टपाल. जेथे आकडा छापील कोष्टकात असतो, तेथे तो बोलण्याचा प्रसंगच येत नाही. पण एवढ्यावर समाधान मानून मला कपाट मिटवता येईना. कारण घासाघीस आपल्या लोकांना ठाऊक नाही असे कसे म्हणावे? वाशीच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून रंगणारे संवाद ज्याने ऐकले आहेत, तो असे म्हणणार नाही.

आणि शोधता शोधता मला आढळले, की घासाघीस मराठी साहित्यातही आहे. पगाराचा आकडाही मोठ्याने उच्चारला जातो. मात्र तो कचेरीत उच्चारला जात नाही. तो लग्नाच्या बैठकीत उच्चारला जातो.

गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. त्यात म्हाताऱ्या भुजंगनाथाला लग्न करायचे आहे, कांचनभटाला मुलीच्या बदल्यात पैसा हवा आहे आणि मध्ये भद्रेश्वर दीक्षित हा दलाल आहे. हे प्रवेश आज पुन्हा वाचून पाहावेत. भीड नाही, संकोच नाही. काय द्यायचे, केव्हा द्यायचे, कोणी आधी बोलायचे, कोणी ताणून धरायचे, या विद्येत ती मंडळी इतकी पारंगत आहेत, की आजच्या कोणत्याही कंपनीच्या नोकरभरती खात्याने त्यांच्यापुढे हात टेकावेत. पुढे काळ पालटला. मुलीच्या बापाने पैसे घेण्याऐवजी मुलाच्या बापाने हुंडा घेण्याची रीत पांढरपेशात बळावली आणि कादंबऱ्यांतून, कथांतून, नाटकांतून त्या बैठका येऊ लागल्या. मुलाचा पगार किती, वरकड काय, बढती केव्हा, निवृत्तिवेतन आहे की नाही, हे सारे तेथे चारचौघांत, सुपारी कातरता कातरता बोलले जाते. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. व्यवहार थांबला असे नाही. तो फक्त हळू आवाजात होऊ लागला.

ही गंमत लक्षात आल्यावर माझे हसू मात्र लवकर मावळले. जो बाप मुलाचा पगार बैठकीत छाती पुढे काढून सांगतो आणि त्यावर मोल चढवितो, तोच बाप त्या मुलाला नोकरीवर धाडताना सांगतो, "बाबा रे, साहेब देतील ते मुकाट्याने घे." म्हणजे आपल्या घरांत माणसाचे मोल करण्याची भीड कधी नव्हती. भीड होती ती त्या माणसाने स्वतःचे मोल स्वतः सांगण्याची. वडीलधाऱ्यांनी आकडा बोलला तर तो व्यवहार. धाकट्याने बोलला तर तो उद्धटपणा. आणि मुलीने बोलला तर विचारायलाच नको.

ही भीड नुसती भित्रेपणाची असती तर तिचे एवढे प्रस्थ माजले नसते. तिला प्रतिष्ठा आहे, आणि ती प्रतिष्ठा एका फार थोर ठिकाणाहून आली आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत आगरकरांच्या त्या पत्राची हकीकत वाचलेली असेल. गरिबीत शिकणारा हा तरुण आईला लिहितो, की मुलगा शिकून मोठ्या पगारावर जाईल अशी आशा धरू नकोस; पोटापुरते मिळाले म्हणजे मी समाधान मानीन आणि उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी घालवीन. हे पत्र मराठी माणसाच्या मनावर कायमचे कोरले गेले आहे. मी स्वतः ते अनेकदा शिकविले आहे आणि दर वेळी वर्गात शांतता पसरलेली पाहिली आहे. १८८० साली निघालेले न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात आयुष्याची वीस वर्षे देणारे आजीव सेवक आणि त्यांचा तो प्रसिद्ध ७५ रुपयांचा पगार, ही सारी परंपरा त्या पत्रात सामावलेली आहे. पगाराचा विचार करणे हे हलक्या माणसाचे लक्षण, हा संस्कार आपण तेथून उचलला.

परंतु पाठ्यपुस्तक जेथे थांबते त्याच्या पुढेही आगरकरांचे आयुष्य होते. पोटापुरते म्हणजे किती, हा प्रश्न संसार वाढल्यावर त्यांनाही पडला. १८८७ च्या सुमारास सोसायटीत सभासदांच्या वेतनात थोडी वाढ करण्याची गोष्ट निघाली. आगरकर त्या वाढीच्या बाजूचे होते आणि टिळक विरुद्ध. टिळकांचे म्हणणे असे, की आपण त्यागाच्या तत्त्वावर संस्था काढली, त्या तत्त्वाला यामुळे बाध येतो. या दोघा मित्रांतील मतभेदाची इतर कारणे मोठी होती हे सर्वांना माहीत आहे. पण संस्थेतील कलहाच्या मुळाशी पगाराचा आणि बाहेरच्या मिळकतीचा प्रश्नही होता, आणि त्या कलहाची अखेर १८९० साली टिळकांच्या राजीनाम्यात झाली. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला दोन वाटा फुटल्या, त्या फाट्यावर एक पगारवाढीचा ठरावही पडलेला आहे.

हा भाग आपण मुलांना शिकवीत नाही. मीही कधी शिकविला नाही. मला भीती वाटत असावी, की त्यामुळे आगरकर लहान होतील. आज मला उलटे वाटते. ज्याने जाणूनबुजून मोठा पगार सोडला, त्यालाच पुढे घर चालविण्यासाठी थोडे अधिक हवे असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार होता, आणि ते त्याने मान खाली न घालता म्हटले. त्याग करणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत याचा नेमका आकडा ठाऊक असतो. आगरकरांना तो ठाऊक होता. मी मुलीला जो सल्ला दिला त्यात त्याग नव्हता; कारण आपण किती सोडतो आहोत हे ना तिला ठाऊक होते, ना मला. ते फक्त गप्प बसणे होते, आणि त्याला मी आगरकरांचा अंगरखा चढविला होता.

बायकांच्या बाबतीत तर आपल्या साहित्याने हा अंगरखा फारच घट्ट शिवला. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मध्ये सुधाकराची सनद जाते, संसार बुडतो आणि सिंधू दळण दळून मुलाला जगविते. १९१९ पासून आजवर या नाटकाने किती डोळे ओले केले असतील! पण त्या दळणाचा दर काय होता, हे विचारावेसे कधी कोणाला वाटले का? मलाही वाटले नव्हते. सिंधूचे कष्ट आपल्याला दिसतात ते पातिव्रत्य म्हणून. मजुरी म्हणून दिसत नाहीत. पुढे १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि शिकलेली, नोकरी करणारी, लग्न लांबलेली मुलगी प्रथमच आपल्या तोंडाने बोलू लागली. त्या कथांवर केवढा गहजब झाला! त्या पुस्तकाने मिळवत्या मुलीच्या मनाची किंमत किती पडते हे सांगितले, आणि ते धाडस मोठे होते. तिच्या कामाची किंमत किती पडावी आणि ती कोणी ठरवावी, हा प्रश्न मात्र त्यानंतरच्या लेखकांसाठी शिल्लक राहिला. नव्वदांहून अधिक वर्षे झाली. तो बव्हंशी शिल्लकच आहे.

कोणी म्हणेल, कामगारांचे साहित्य विसरलात. विसरलो नाही. नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ साली आले, आणि गिरणगावातल्या माणसाने आपले श्रम आणि आपली मागणी एका दमात, ताठ मानेने उच्चारली. तेथे आकडा बोलण्याची लाज नाही. पण तो आकडा 'आम्ही' बोलतो, 'मी' बोलत नाही. संघटनेच्या पाठबळाने बोललेल्या शब्दाला जोर असतो आणि एकट्याच्या शब्दाला नसतो, हे कामगाराने आपल्याआधी ओळखले. त्याची किंमतही त्याने मोजली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांची घरे त्यात सापडली. जयंत पवारांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक त्या संपानंतरच्या एका घराचे आहे. मागितल्यावर काय होऊ शकते, याचे इतके निष्ठुर चित्र मराठीत दुसरे क्वचित असेल. तेव्हा मागणे नेहमी फळते असा माझा दावा नाही. मागण्यात जोखीम आहे. पण न मागण्यातही ती असते. फक्त तिचा हिशेब कोणी आपल्यासमोर मांडीत नाही.

आणि पांढरपेशा नायकाचे काय? भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील मला येथे फार महत्त्वाचा वाटतो. 'बिढार' १९७५ साली आली, मागोमाग 'जरीला' आणि 'झूल'. गावोगावच्या महाविद्यालयांतून प्राध्यापकी करीत फिरणारा हा तरुण. संस्थाचालक, प्राचार्य, जातीची गणिते, तात्पुरत्या नेमणुका, यांचे असे उघडे वर्णन आमच्या व्यवसायाबद्दल आधी कोणी केले नव्हते. मी त्याच व्यवसायातला; वाचताना अंगावर काटा आला होता. पण या वेळी मी ती पुस्तके निराळ्या नजरेने चाळली. चांगदेवाला अन्याय स्पष्ट दिसतो, त्याचा त्याला वीट येतो, आणि वीट आला की तो बिऱ्हाड हलवितो. टेबलाशी बसून "हे असे चालणार नाही, असे करा" म्हणणे त्याच्या स्वभावात नाही. मुकाट्याने घेणे किंवा मुकाट्याने निघून जाणे, या दोन टोकांच्या मध्ये जी जागा आहे, जेथे दोन माणसे समोरासमोर बसून एका आकड्यावर येतात, ती जागा आपल्या कादंबरीत जवळजवळ रिकामी आहे. नेमाड्यांनी ती निर्माण केली नाही हा त्यांचा दोष नव्हे. समाजातच ती नव्हती. पण साहित्यात जी जागा नसते तेथे बसायला आपली मुले अवघडतात, हेही तितकेच खरे.

एवढे टिपण करून मी एका संध्याकाळी फिरायला निघालो. नेरूळच्या रस्त्याने चालताना माझ्या ध्यानात आले, की ज्या शहरात मी ही गोष्ट शोधीत आहे ते शहरच एका बोललेल्या आकड्यावर उभे आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातील गावांची भातशेती व मिठागरे नव्या शहरासाठी घेतली जाऊ लागली. सरकारने भाव ठरविला आणि तो "नियमाप्रमाणे" होता. येथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी तो नियम मुकाट्याने मान्य केला नाही. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली ते उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबार झाला, पाच माणसे प्राणास मुकली. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. आज नवी मुंबईत 'साडेबारा टक्के' हा शब्द लहान पोरालाही कळतो. तो आकडा दयेने मिळालेला नाही. कोणीतरी तो आधी मोठ्याने बोलले होते. या विषयावरची थोर मराठी कादंबरी मी अजून वाचायची आहे. आणि ती लिहिली जाईल तेव्हा तिच्यात वाटाघाटीचा प्रवेश नक्की असेल.

आता वाट पाहण्याविषयी. मराठी मनाला वाट पाहणे नवे नाही. आपला देवच विटेवर उभा राहून वाट पाहतो. संतांच्या विराण्या, गौळणी, ओव्या, सगळीकडे कोणीतरी उंबऱ्याशी उभे आहे. म्हणून वाट पाहण्यात एक पुण्य आहे असे आपण धरून चालतो. पण भक्ताची वाट आणि उमेदवाराची वाट यांत अंतर आहे. भक्ताला येणाऱ्याविषयी शंका नसते. उमेदवाराला सगळीच शंका असते. आणि दिवस लांबत जातील तशी त्याची अपेक्षा आखडत जाते. पहिल्या आठवड्यात आमची कन्या म्हणत होती, "बघू या किती देतात." दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "बरे दिले तर घेईन." तिसऱ्यात नुसतेच, "पत्र येऊ दे एकदाचे." पत्नीने सांगून टाकले, "अहो, पितृपंधरवडा लागलाय, आता घटस्थापना झाल्याशिवाय काही येत नाही." घरात चार वेळा फोन वाजला की चार वेळा सगळे एकमेकांकडे बघत. मुलाखत घेणाऱ्याला हा हिशेब ठाऊक असतो असा आरोप मी करीत नाही. त्यांच्याकडेही मंजुऱ्या असतात, दुसरे उमेदवार असतात. पण वाट पाहणाराचा आवाज दिवसेंदिवस बारीक होतो आणि त्याचा लाभ कोणाला होतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

परदेशी लेखकांनी हे नेमके पकडले आहे. गार्सिया मार्केझच्या १९६१ सालच्या छोट्या कादंबरीतला म्हातारा कर्नल निवृत्तिवेतनाच्या पत्रासाठी वर्षानुवर्षे दर शुक्रवारी टपालाच्या होडीवर जातो. त्याच साली एर्मान्नो ओल्मी या इटालियन दिग्दर्शकाने 'इल पोस्तो' हा चित्रपट काढला. त्यात मिलानच्या एका मोठ्या कचेरीत चिकटण्यासाठी आलेला कोवळा मुलगा परीक्षा देतो, थांबतो, आणि एक जुना कारकून मरण पावतो तेव्हा त्याला टेबल मिळते. दोन्ही कलाकृतींत आरडाओरडा नाही. वाट पाहणारा माणूस हळूहळू कसा झिजतो एवढेच दाखविले आहे. आपल्याकडे वाट पाहण्याला गोड चाल लावली जाते. झीज मोजली जात नाही.

असो. एकतिसाव्या दिवशी, भर पितृपंधरवड्यात, पत्र आले. पत्नीने देवापुढे साखर ठेवली. वरचा वार्षिक आकडा पाहून मी हरखलो. कन्या मात्र दुसरे पान वाचीत होती. मला जे ठाऊक नव्हते ते तिने मला शिकविले. त्या मोठ्या आकड्यात कंपनी भविष्यनिर्वाह निधीत घालणार तो वाटा होता, पुढे कधीतरी मिळायचे उपदान होते, विम्याचा हप्ता होता, आणि एक बरीच मोठी रक्कम 'कामगिरीनुसार', म्हणजे मिळाली तर मिळाली अशी होती. सर्व वजा जाता दरमहा हातात पडायचे ते सध्यापेक्षा अवघे अडीच हजार अधिक. कारण उघड होते. आम्ही आकडा बोललो नव्हतो. मग त्यांनी जुन्या पगाराच्या पावत्या घेतल्या आणि त्यावर काही टक्के चढविले.

"आणि जुना पगार कमी का होता, आठवतंय ना बाबा?" तिने विचारले. मला आठवत होते. सात वर्षांपूर्वी पहिल्या नोकरीच्या वेळीही तिने मला हाच प्रश्न विचारला होता, आणि मी हेच उत्तर दिले होते. पहिल्या पगारातला संकोच पुढच्या प्रत्येक पगारात व्याजासकट वाढत जातो, हे गणित मराठीच्या प्राध्यापकाला कोण सांगणार? युरोपीय संघाने २०२३ साली काढलेल्या निर्देशात उमेदवाराला आधीचा पगार विचारू नये आणि जागेसाठीच्या वेतनाची मर्यादा त्याला आधीच सांगावी, असे म्हटले आहे आणि सदस्य देशांना त्यासाठी जून २०२६ ची मुदत दिली होती. म्हणजे माझ्या सल्ल्याने होणारे नुकसान टाळण्यासाठी तेथे कायदा करावा लागला!

कन्येने त्या रात्री उत्तर लिहिले. पाच वाक्यांचे. पत्राबद्दल आभार, तिने याआधी केलेली दोन कामे आणि त्यांतून काय साधले, त्या जागेवरची जबाबदारी, तिला अपेक्षित असलेला, हातात पडणारा आकडा, आणि त्यावर बोलण्यास ती उत्सुक असल्याचे. मला दाखविले. मी सवयीने पेन्सिल घेतली. आरंभी 'क्षमा असावी', मध्ये 'शक्य असल्यास' आणि आकड्याच्या जागी 'योग्य ती वाढ' असे बदल सुचविले. तिने पेन्सिल माझ्या हातातून हळूच काढून घेतली. "बाबा, यात चूक काय आहे ते सांगा." मी पुन्हा वाचले. चूक काही नव्हती. एकही शब्द जास्त नव्हता, एकही विनवणी नव्हती आणि उद्धटपणाही नव्हता. कपाटभर पुस्तकांत जो प्रवेश मी महिनाभर शोधीत होतो, तो माझ्या घरात, जेवणाच्या टेबलावर, लिहून तयार होता.

त्या पत्राला अजून उत्तर आलेले नाही. मी हे घटस्थापनेच्या दिवशी लिहीत आहे. दिवाळीत हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले असतील, किंवा ती बेलापूरच्या आपल्या जुन्याच टेबलावर असेल. काहीही झाले तरी तिने विचारले होते, एवढे नक्की. या वेळी ती वाट पाहते आहे ती पूर्वीसारखी नाही. रोजच्या गाडीने जाते, येते, जेवते, हसते. फोन वाजला की आता फक्त मी दचकतो.

जाता जाता एक कबुली. मी गेली तीस वर्षे दिवाळी अंकांसाठी लिहितो आहे. संपादक दर वर्षी प्रेमाने विचारतात, "मानधनाचे काय?" आणि मी दर वर्षी लिहितो, "आपल्या रीतीप्रमाणे." मान आणि धन यांचा समास करून आपण या व्यवहारालाही सोवळे नेसविले आहे, ते मला फार सोयीचे होते. यंदा लेख पाकिटात घालताना कन्या शेजारी उभी होती. तिच्यादेखत जुने वाक्य लिहिण्याची मला लाज वाटली. मी सोबतच्या चिठ्ठीत एक आकडा लिहिला. फार मोठा नाही, पण आकडा.

पाकीट गेले. आता आमच्या घरात दोन माणसे उत्तराची वाट पाहात आहेत.